एकतीस नंबरचा नमुना

कारखान्यात तिला सगळे नव्वदबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं बाई. पण पाठीमागे, रसायनांच्या खोलीपासून गाठी बांधणाऱ्यांपर्यंत, नव्वदबाई. कारण सत्तावीस वर्षांत तिने एकाही कापडाला शंभर दिलेले नव्हते.

काम तसं सांगायला सोपं. सुती कापडावर पाणी न धरणारा लेप चढवण्याचा तो कारखाना. सुताला मुळात पाण्याचं वेड. थेंब पडायचा अवकाश, पिऊन मोकळं. ते वेड घालवायचं म्हणून कापड पातळ दुधाळ रसायनात बुडवायचं, दोन रबरी रुळांमधून पिळून काढायचं आणि लांबलचक भट्टीतून वाळवत, शेकत बाहेर आणायचं. बाहेर आलेलं कापड दिसायला तेच, हाताला जवळजवळ तेच. पण वर पाणी टाकलं तर थेंब गोल होऊन घरंगळत खाली. निदान कारखान्याचं म्हणणं असं. खरोखर घरंगळतात की नाही, हे ठरवायचं नव्वदबाईने.

तिची खोली वरच्या मजल्यावर, दोन खिडक्यांची. टेबलावर लोखंडी स्टँड, त्यात नरसाळं, नरसाळ्याच्या तोंडाला एकोणीस भोकांची छोटी झारी. झारीखाली भरतकामाला घेतात तशी एक रिंग, तिच्यात ताणून बसवलेला कापडाचा तुकडा, तिरका. अडीचशे मिली पाणी मोजून ओतायचं. अर्ध्या मिनिटात ते झारीतून कापडावर पडून जातं. मग रिंग पालथी धरून टेबलाच्या कडेवर एकदा टक् करून आपटायची, फिरवून पुन्हा एकदा टक्. त्यानंतर जे उरतं ते भिंतीवरच्या तक्त्यातल्या चित्रांशी ताडून बघायचं. थेंबही चिकटला नसेल तर शंभर. चार-दोन चिकटले तर नव्वद. जिथे जिथे धार पडली तिथे ओल असेल तर ऐंशी. मग सत्तर, मग पन्नास, आणि पाठीपर्यंत चिंब झालं तर शून्य. मधले आकडे नाहीत, घासाघीस नाही.

शंभर आणि नव्वद यांच्यातला फरक म्हणजे राईएवढा थेंब. तो बाकी कुणाला दिसायचा नाही. हिला दिसायचा. कुणी हुज्जत घालायला वर आलंच, तर ती रिंग त्याच्या हातात द्यायची आणि खिडकी दाखवायची. उजेडाकडे धरली की थेंब दिसायचाच. माणूस जिना उतरून जायचा.

एकोणिसाव्या वर्षी ती इथे आली ती खालच्या तपासणीच्या टेबलावर. तुटलेला धागा, तेलाचा डाग, गेलेली वीण शोधायची. शिक्षण शाळेपुरतं. पण प्रयोगशाळेच्या जुन्या साहेबांनी एक दिवस पाहिलं की ज्या कापडावरून चार जणींची नजर फिरून गेली, त्यात ही पाचवा डाग काढते. त्यांनी तिला वर नेलं. त्यांनी शिकवलेलं तिने पोथीसारखं जपलं. त्यातली एक गोष्ट इस्त्रीची होती. या लेपाची म्हणे कापडावर डोळ्यांना न दिसणारी लव असते. धुतलं की ती आडवी पडते आणि पाणी आत शिरतं. गरम इस्त्री फिरवली की पुन्हा उभी राहते आणि कापड नव्यासारखं वागायला लागतं. म्हणून, साहेब म्हणाले होते, ज्या गिऱ्हाईकाकडे कपड्यांना इस्त्री होते त्याच्याच तुकड्याला इथे इस्त्री लावायची. जिथे नुसतं दोरीवर वाळत घालतात, तिथला तुकडा दोरीवरच वाळवायचा. नाहीतर आपण कापड तपासत नाही, इस्त्री तपासतो.

दुसरी गोष्ट रजिस्टरची. आकडा पडला तो पडला. खाडाखोड करणाऱ्याचा आधीचाही आकडा कुणी धरत नाही आणि नंतरचाही. सत्तावीस वर्षांची अठरा रजिस्टरं कपाटात होती आणि त्यात एक खोडलेली रेघ नव्हती. जुने साहेब गेले, नवे आले. पाहुणे आले की नवे साहेब कपाट उघडून ती रजिस्टरं दाखवत. ती बाजूला उभी राहायची, चेहरा कोरा ठेवून. आतून मात्र फुलून जायची. दुसरं फुलून जावं असं तिच्याकडे फारसं नव्हतं.

नवरा बांधणी खात्यात होता. गुडघे गेले तसा लवकर घरी बसला आणि स्वयंपाकघर त्याने ताब्यात घेतलं. माणूस हसरा. कुणी पाहुणा आला की तो सांगायचा, मी हिला बघायला गेलो तेव्हासुद्धा हिने मला नव्वदच दिले होते, तरी लग्नाला उभी राहिली. ती म्हणायची, "ऐंशी. धार पडेल तिथे ओल." सगळे हसायचे. हसायची नाही ती मुलगी.

मुलगी एकुलती एक. तिच्या लहानपणी त्या घरात कुणी कुणाला मारलं नाही, रागावणंसुद्धा बेताचंच. पण पाटीवर अक्षर काढून आणलं की आई बघायची आणि म्हणायची, चांगलं आहे, ओळ खाली उतरतेय. पहिल्यांदा चहा करून दिला तेव्हा चांगला होता, दूध उतू गेलं होतं. वर्गात दुसरी आली तेव्हा आईने विचारलं, पहिली कोण आली. यातलं खोटं काहीच नव्हतं. ओळ खाली उतरलीच होती, दूध उतू गेलंच होतं. आईला वाटायचं, खरं सांगणं हीच माया. बाकी कौतुक काय, शेजारपाजारी फुकट मिळतं.

मुलीने रसायनशास्त्र घेतलं, त्यातही हेच लेपांचं, आणि फिरून आईच्याच कारखान्यात आली. खाली नव्या प्रयोगांच्या खात्यात, दोन वर्षांच्या बोलीवर. कारखान्यात दोघी मायलेकी नव्हत्या. जिन्यात गाठ पडली तर मुलगी म्हणायची, "नमस्कार बाई," आणि भिंतीकडून निघून जायची. आईला ते पसंत होतं. निदान ती तसं म्हणायची.

त्या वर्षी जुनं रसायन बंद करायचं ठरलं. ते कापडावर उत्तम टिकायचं, पण धुण्याच्या पाण्यातून नदीनाल्यात गेलं की तिथेही तसंच टिकायचं, कुजायचं म्हणून नाही. गिऱ्हाईकांनी ते नको म्हटलं. त्याच्या जागी निरुपद्रवी लेप शोधायचं काम मुलीकडे आलं, आणि पाठोपाठ मागणीही आली: शहराच्या सफाई खात्यात पाइप धरून रस्ते धुणाऱ्या बायकांसाठी सुती कोट. अट एकच. वीस धुण्यांनंतर कमीत कमी ऐंशी. वाळवणं दोरीवर, इस्त्री नाही. साहेबांनी मुलीला बोलावून सांगितलं, हे जमलं तर कायम करतो. नाही जमलं तर बोलीची मुदत संपतेच आहे.

नमुने वर यायचे ते नावाशिवाय, नुसता नंबर घातलेली चिठ्ठी टाचून. कुणाचा नमुना हे तपासणारीला कळू नये, असा नियम. पण मुलगी लहानपणापासून सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ मारायची. सतरा, सत्तावीस, मध्येच कुठे सात लिहून खोडलेलं. आईला चिठ्ठी वाचायचीही गरज पडायची नाही. तिने सत्तर दिले. पुन्हा सत्तर. मग पन्नास. मग पुन्हा सत्तर. कोरं कापड झकास वागायचं. धुण्याच्या यंत्रातून वीस वेळा फिरून आलं की गळपटायचं. संध्याकाळी दोघी आपापल्या वाटेने घरी यायच्या, जेवायला बसायच्या, आणि बाप वाढता वाढता दोन्ही तोंडांकडे बघून आकडा ओळखायचा.

चौथ्या वेळेनंतर एका सकाळी ती केस विंचरत असताना स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला. चढलेला नाही, सहज बोलल्यासारखा.

"बाबा, आईला माझं काहीतरी आवडलंय असं एकदा तरी मला आठवायला हवं ना? मी रात्रभर आठवत होते. आठवतच नाही हो."

बापाने नळ सोडला आणि भांडं घासत राहिला. मुलगी कामावर गेल्यावर तो फणी हातात घेऊन बसलेल्या बायकोपाशी आला आणि म्हणाला, "एकदा तरी तिला बरं म्हण. का मरताना म्हणणार आहेस?"

ती म्हणाली, "मी खोटं बोलू?"

"खोटं कशाला? बरं म्हण म्हटलं."

त्याला फरक कळत होता. तिला खरंच कळत नव्हता.

मुदतीला महिना राहिला असताना दोन नमुने वर आले, एकतीस आणि बत्तीस; सात नव्हता, पण अक्षर तेच. एकतीस मऊ होता, हातात घेतला की कोट शिवावा असं वाटणारा. बत्तीसमध्ये लेपाला सुताशी बांधून ठेवणारं रसायन जास्त घातलेलं होतं. तो पुठ्ठ्यासारखा करकरीत. दोन्ही धुवायला टाकले. एकतीस आधी वाळला.

एका नमुन्याचे तीन तुकडे असतात. तिने पहिला रिंगमध्ये बसवला, पाणी ओतलं, दोनदा टक् केलं आणि खिडकीकडे धरला. सत्तर. चित्राशी ताडायचीही गरज नव्हती.

ती बराच वेळ तो तुकडा धरून उभी राहिली. मग तिने तो चिंध्यांच्या टोपलीत टाकला आणि कोपऱ्यातली इस्त्री लावली. दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या तुकड्यांसाठी ती तिथे होतीच. दारसुद्धा लावलं नाही. या खोलीत नव्वदबाई इस्त्री करते आहे म्हणजे त्या कापडाला इस्त्री असणार, असंच कुणीही समजलं असतं. उरलेल्या दोन तुकड्यांवरून तिने चार-चार वेळा इस्त्री फिरवली, घरी ठेवणीतल्या लुगड्यांवर करतात तशी नीट, कडेपासून कडेपर्यंत. तुकडे निवू दिले. मग पाणी ओतलं.

थेंब मोत्यांसारखे पळाले. खिडकीकडे धरून तिने पाहिलं, एक थेंबही नव्हता. दोन्ही तुकड्यांवर नव्हता. रजिस्टरात तिने लिहिलं, नव्वद. खोटं लिहितानासुद्धा तिच्या हाताने शंभर लिहिले नाहीत.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला हलकं वाटत होतं, हे सांगितलं पाहिजे. अपराधी वगैरे नाही. एखाद्या माणसाने उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणाला काही आणून द्यावं आणि ते पिशवीत आहे हे बसमध्ये कुणाला माहीत नसावं, तसं.

दुसऱ्या दिवशी बत्तीस वाळला. तिने तिन्ही तुकडे जसेच्या तसे, सुरकुतलेले, रिंगमध्ये बसवले. पहिला नव्वद. दुसरा नव्वद. तिसऱ्यावर तिने मुद्दाम थेंब शोधले, आणि दोनच सापडले. नव्वद.

पोरगी पास झालेली होती. आपल्या बळावर, दोरीवर वाळून, कुणाच्या इस्त्रीशिवाय.

रजिस्टर समोर उघडं होतं. बत्तीसची रेघ भरायची होती आणि तिच्या वर एकतीसची रेघ होती. नखाएवढी आडवी रेघ मारायची, वर सत्तर लिहायचं, बाजूला सही. पाच सेकंदांचं काम. तिने पेन टेकवलंही. पण ते अठरा रजिस्टरांचं कपाट पाठीशी होतं आणि त्यात अशी एक रेघ नव्हती. तिने स्वतःला समजावलं की दोन्ही पास आहेत म्हटल्यावर पोरगी जास्त टिकाऊच घेईल. पोरगी बोटांमध्ये कुठलं कापड चोळून बघत होती हे तिने जिन्यावरून पाहिलेलं होतं. तरीही तिने तसंच समजावलं, आणि खाली लिहिलं, बत्तीस, नव्वद.

दुपारी मुलगी स्वतः वर आली. नियमाने तिने यायचं नव्हतं. तिने रजिस्टर वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कारखान्याच्या आवारात पहिल्यांदा म्हणाली, "आई, एकतीसला खरंच नव्वद?"

"लिहिलंय ना."

मुलगी हसली. तिच्या बापासारखी हसली, सगळ्या तोंडाने. "तू लिहिलंयस म्हणजे झालंच," म्हणाली आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

तिने एकतीस निवडला. सगळ्यांनीच निवडला असता. मोठं उत्पादन निघालं तेव्हा रिवाजाप्रमाणे फक्त कोऱ्या कापडाची चाचणी झाली आणि ती चोख उतरली. कोट शिवून गेले. मुलगी कायम झाली. घरात अडीच महिने असे गेले की बाप स्वतःशी गुणगुणायला लागला. मुलगी कामावरून आल्यावर आईशेजारी बसून खात्यातल्या गमती सांगायची. एकदा तिने आईच्या पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचलं. आईने पाय हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

मग एका सकाळी बसथांब्याकडे जाताना तिला तो कोट दिसला. एक बाई जाड पाइप धरून फुटपाथ धूत होती; वय साधारण हिच्याएवढंच. पाण्याचे तुषार उलटून तिच्याच अंगावर येत होते. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या पडलेल्या, खांदे काळे, छातीवर मोठा काळा डाग. हिच्या डोळ्यांनी हिला न विचारता आकडा दिला. पन्नास.

ती थांबली. कोट कसा आहे, असं तिने विचारलं. बाई पाइप न सोडता म्हणाली की पहिले पंधरा दिवस बरा होता, पाणी नुसतं पळायचं, मैत्रिणी एकमेकींच्या पाठीवर ओतून बघायच्या. आता जड होतो. आठ तास ओलं अंग, संध्याकाळी कंबर धरते. यापेक्षा जुना रबराचा बरा होता, घाम यायचा पण आत कोरडं असायचं.

"धुतल्यावर इस्त्री करता का?" हिने विचारलं. आपण हे का विचारतोय ते हिला कळत होतं, तरी तोंडातून गेलं.

बाई एवढी हसली की पाइपची धार रस्त्यावर वाकडी गेली. "इस्त्री? कुणासाठी हो ताई? रस्त्याला दाखवायला?"

बस आली आणि ती चढली.

त्या दिवशी तिने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी सफाई खात्याचं पत्र आलं आणि तीन कोट आले.

साहेबांच्या खोलीत टेबलावर ते तिन्ही पसरलेले होते. साहेबांनी स्वतः पेल्याने पाणी ओतून पाहिलेलं होतं. टेबलाची काच ओली होती. मुलगी समोर उभी. बाईलाही बोलावलं, ती दाराजवळ. साहेबांनी सांगितलं की रूळ तपासले, भट्टीची उष्णता तपासली, सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे राहिल्या दोनच गोष्टी. एक तर मूळ कृतीत खोट आहे, नाहीतर चाचणी चुकली. वर वीस धुण्यांनंतर नव्वद आणि तिथे पंधरा दिवसांत ही दशा, हे कसं? त्यांनी विचारलं मुलीला, बाईला नाही.

मुलगी पांढरी पडली होती, पण आवाज नीट होता. "चाचणीवर शंका नको, साहेब. बाई कुणाला शंभर देत नाहीत. आणि मला सवलत तर मुळीच देणार नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. कृतीतच काहीतरी माझं राहिलं असणार."

साहेबांनी दाराकडे बघून मान हलवली, म्हणजे तुम्ही गेलात तरी चालेल. दाराजवळच्या बाईने तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं, आणि गेली. त्या चार पावलांचा विचार पुढे तिने अनेकदा केला. कुणी अडवलं नव्हतं. कुणी दमही दिला नव्हता.

मुलीचं कायमपण गेलं. कामावरून काढलं नाही, साहेब तसे सज्जन. दूरच्या गावातल्या गोदामावर पाठवलं, आलेल्या-गेलेल्या गाठींवर लक्ष ठेवायला. महिन्याअखेर हजर व्हायचं.

घरी मुलगी पलंगावर बसून वह्या फाडत होती, लिहिलेली पानं वेगळी, कोरी वेगळी. आई समोर येऊन उभी राहिली आणि तिने सांगितलं. पहिला तुकडा सत्तर होता. दुसऱ्या दोघांना इस्त्री केली.

मुलीचे हात थांबले. तिला इस्त्रीचं सांगावं लागलं नाही. तिचा तोच विषय होता. तिने विचारलं, "आणि बत्तीस?"

"तो खरा."

"बत्तीस खरा नव्वद?"

"तिन्ही तुकडे."

मुलगी खिडकीकडे बघत म्हणाली, "बत्तीस मी मानेला घासून बघितला होता. आठ तासांत सालटं निघालं असतं. एकतीसला सत्तर पडले असते ना, तर मी बत्तीसची कॉलर मऊ कशी करायची एवढंच बघत बसले असते. महिना होता हातात." आणि मग, "म्हणजे मी पास झालेच होते, आई."

"तेव्हा बत्तीस वाळत होता. मला माहीत नव्हतं."

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी कळलं. खोडायचं राहिलं."

"राहिलं?"

आई म्हणाली, "खोडलं नाही."

बाप दारात येऊन उभा होता, हातात फडकं. त्याला कुणी आत ये म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. मुलीने मांडीवरच्या पानांचा गठ्ठा सारखा केला, कडा ठोकून, जसं आईच करायची.

"आयुष्यात एकदा पास केलंस मला," ती म्हणाली. "तेही इस्त्री करून."

दुसऱ्या सकाळी नव्वदबाई साहेबांच्या खोलीत गेली. तिने बसायला नकार दिला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, तुकडा, टोपली, इस्त्री, बत्तीस. साहेबांनी ऐकून घेतलं. मग ते उठून दार लोटून आले.

"बाई, मलाही मुलगी आहे," ते म्हणाले. "माझ्यावर वेळ आली तर मीसुद्धा आळ स्वतःवर घेईन."

तिने सांगितलं की हा आळ नाही, घडलेलं आहे. पुन्हा तपासा, एकतीसचा राहिलेला तुकडा काढा. साहेब म्हणाले की राहिलेले तुकडे महिन्याला जाळतात, हे बाईंनाच त्यांच्यापेक्षा जास्त माहीत. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्यांना खरं वाटत नाही की खरं वाटून घ्यायचं नाही, हे ज्या डोळ्यांना राईएवढा थेंब दिसायचा त्यांना काही दिसेना. मग त्यांनीच आवाज खाली आणला. "तुमच्या एका नव्वदला हात लावला ना, तर सत्तावीस वर्षांच्या सगळ्या नव्वदांना हात लागेल. त्या आकड्यांवर किती गिऱ्हाइकं विसंबून आहेत. पोरगी तरुण आहे. सावरेल. तुम्ही वर जा."

ती वर गेली. चालू असलेलं एकोणिसावं रजिस्टर काढलं, पान शोधलं, एकतीसच्या नव्वदवर आडवी रेघ मारली, वर सत्तर लिहिलं, सही केली, आजची तारीख घातली. चार दिवसांनी पाहुणे आले तेव्हा साहेबांनी कपाट उघडून नेहमीसारखी रजिस्टरं दाखवली. अठरा दाखवली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मुलीची बॅग भरायची होती. बापाने तिकडे मिळणार नाहीत म्हणून कायकाय बांधून दिलं होतं आणि दर पाच मिनिटांनी नवं काहीतरी आठवून तो स्वयंपाकघरात जात होता. मुलगी त्याच्याशी हसून बोलत होती. आईशीही बोलत होती. टॉवेल दे, ती पिशवी सरकव, असं. राग धरलेल्या माणसासारखं नाही. शेजारणीशी बोलावं तसं.

आईने टेबलावर घोंगडी पसरली, इस्त्री तापत ठेवली आणि दोरीवरून आणलेले मुलीचे सदरे ओढून घेतले. मुलीचे कपडे ती पहिलीपासून इस्त्री करत आली होती. पहिला सदरा तिने पसरला, बाही सरळ केली, इस्त्री उचलली.

मुलगी पलीकडून आली आणि तिने आईच्या हाताखालून तो सदरा काढून घेतला. ओढला नाही, हळू काढला.

"राहू दे," ती म्हणाली. "असाच घालीन."

तिने तो सुरकुतलेला सदरा घडी घालून बॅगेत ठेवला, आणि उरलेले चारही, एकावर एक. आई इस्त्री हातात धरून उभी होती. खाली ठेवायला जागा भरपूर होती. पण घोंगडी रिकामी होती आणि इस्त्री कुठे ठेवायची हे तिला सुचेना. शेवटी नवऱ्यानेच आतून येऊन बटण बंद केलं.